उपासाचं विचारायचं राहिलं

अंगारकी चतुर्थी. राजुरात पाय ठेवायला जागा नाही. जालन्याहून चालत आलेली माणसं राजुरेश्वराच्या दर्शनाला उभी आहेत. मी जवळच्याच एका छोट्या दवाखान्यात बाकावर बसलो आहे.

दोघं जण एका साठीच्या काकांना धरून आत आणतात. कपडे घामानं चिंब, हात थरथरताहेत, विचारावं एक तर उत्तर भलतंच. ‘रांगेतच खाली बसले,’ मुलगा सांगतो. डॉक्टरबाई बोटाला सुई टोचतात. साखर ५२. सत्तरच्या खाली गेली की धोका. काकांना गिळता येतंय हे पाहून त्या तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजतात, घड्याळ बघत थांबतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुई. ८८. काका मुलाला नावानं हाक मारतात.

‘काका, सकाळी गोळी घेतली होती?’

‘घेतली की. तुम्हीच म्हणल्या, एक बी दिवस चुकवू नका.’

‘आणि खाल्लं काय?’

‘अंगारकी हाय ना बाई. चंद्र निघाल्यावरच खायचं.’

बाई चिठ्ठी मागतात. चिठ्ठी याच दवाखान्याची. ग्लिमेपिराइड, सकाळी नाश्त्याआधी. पोटात अन्न असो वा नसो, ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. उपासाच्या दिवशी काय करायचं, याचा चिठ्ठीत एक शब्द नाही. आणि गाव कुठलं, तर राजूर!

गोळीचा असर दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून काकांना दूध-केळी देऊन तिथंच झोपवतात. मग बाई खणातून वही काढतात. रुग्णाचं नाव नाही. वय, तारीख, काय घडलं, आपल्याकडून काय राहिलं.

कंपाउंडर हळूच म्हणतो, ‘मॅडम, माणूस बरा झाला ना? लिहून कशाला ठेवायचं? उद्या आपल्यावरच यायचं.’

‘नाही लिहिलं, तर पुढच्या चतुर्थीला पुन्हा विचारायचं राहील.’

त्याची भीती खोटी नाही. दवाखान्यांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राला २०१० साली कायदा करावा लागला. तरीही भीतीपोटी झाकलेली चूक पुढच्या रुग्णाला भोवते, हे मला इथं डोळ्यांसमोर दिसतंय. बाई त्याला काम सांगतात: आजपासून शुगरच्या प्रत्येक पेशंटला ‘उपास करता का?’ विचारायचं आणि उत्तर केसपेपरवर लिहायचं.

आता त्या दुसरा कागद ओढतात. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायचा, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे जाणारा अर्ज. नावाची फक्त आद्याक्षरं, औषध, त्रास कधी सुरू झाला. नोंद करणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे, असं त्या अर्जातच स्पष्ट म्हटलेलं आहे. हे वाक्य प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लागायला हवं.

ही नोंद रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांनाही करता येते. औषधाचा त्रास झाला, तर गोळ्यांचं पाकीट फेकू नका. डॉक्टरांना दाखवा आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा.