जुना संगणक, लिनक्स आणि घरचं इंटरनेट

गटाच्या ताई, ग्रामसंघाचा हिशेब ठेवणाऱ्या सख्या आणि लेकरांच्या अभ्यासासाठी घरी संगणक ठेवणाऱ्या सगळ्याजणी, आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. विषय यंत्राचा आहे, पण त्याहून जास्त पैशाचा आहे. जुना संगणक भंगारात द्यायचा, की त्याच्यावर लिनक्स टाकून, इंटरनेट जोडून आणखी काही वर्षं वापरायचा, हे आज आपण पाहू.

हा प्रश्न आत्ताच का आला? तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. काही अटींवर वर्षभराची जादा मुदत मिळते, पण ती काही कायमची सोय नाही. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, आजही तो सुरू होतो. पण त्यात सुरक्षेची नवी भगदाडं सापडली तर ती बुजवली जात नाहीत. ज्या यंत्रावर आपण गटाचं बँक खातं उघडतो, त्याच्यासाठी ही गोष्ट साधी नाही. मग विंडोज ११ टाका म्हणावं, तर त्याला सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. दुकानात गेलं की उत्तर मिळतं, “ताई, नवाच घ्या.” गटाच्या पैशातून नवा संगणक घेणं म्हणजे एखाद्या सखीचं कर्ज पुढे ढकलणं. म्हणून नवा घेण्याआधी लिनक्स करून पाहावं, असं आम्ही म्हणतो.

लिनक्स म्हणजे काय?

विंडोज जसं संगणक चालवतं, तसंच लिनक्सही चालवतं. १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. त्यामुळे त्याची किंमत द्यावी लागत नाही, आणि ते दुसऱ्याला दिलं तर चोरीही होत नाही. हे काही परकं नाही बरं का. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. केरळमधल्या सरकारी शाळांतली लेकरं कित्येक वर्षांपासून लिनक्सवर शिकतात. आपल्या देशातही सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाचं लिनक्स तयार केलं आहे.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. विंडोजची सवय असलेल्या बाईला ‘लिनक्स मिंट’ सोपं जातं, कारण खाली डाव्या कोपऱ्यात तसंच बटण आणि तशीच यादी असते. त्याला निदान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम असली तर काम सुखाने होतं.

आधी पेन ड्राइव्हवर चालवून पाहा

लिनक्सची सगळ्यात चांगली गोष्ट ही, की संगणकात न टाकताच ते चालवून पाहता येतं. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. लिनक्स मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते, ती त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून उतरवा. ती नुसती कॉपी करून चालत नाही, ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ या मोफत प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवावी लागते. त्या वेळी पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी हे काम करून देईल.

मग पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करा आणि लगेच एफ १२ दाबत राहा. काही कंपन्यांत एफ ९ किंवा एस्केप लागतं. यादी आली की पेन ड्राइव्ह निवडा. आतल्या विंडोजला आणि फाइलींना हात न लावता लिनक्स सुरू होईल. ते जरा हळू चालेल, कारण सगळं पेन ड्राइव्हवरून येतं.

आता घाई करू नका. कागद घ्या आणि एकेक गोष्ट तपासून बरोबर किंवा चूक अशी खूण करा: वायफाय दिसतं का? आवाज येतो का? कॅमेरा चालतो का? छपाई निघते का? मराठी लिहिता येतं का? चारही यूएसबी जागा चालतात का? गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर हे केलं तर फारच छान. सगळं चाललं तरच पुढे जा. टाकायचं ठरलं की आधी सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा, कारण पूर्ण डिस्कवर लिनक्स टाकताना जुनं सगळं जातं.

काय चालणार नाही, तेही ऐका

टॅलीवर हिशेब असेल, तर टॅली विंडोजसाठीच आहे. आधारची अंगठ्याची मशीन लावून पैसे देण्याघेण्याचं काम करणाऱ्या सखीने तिच्या मशीनची सेवा लिनक्सवर मिळते का, हे आधी विचारावं. ही सोय मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असते. डिजिटल सहीच्या पेन ड्राइव्हचंही तसंच. ही कामं असतील तर एक यंत्र विंडोजचं ठेवा. पण पत्र लिहिणं, हिशेबाचा तक्ता, ई-मेल, बँकेची वेबसाइट, व्हिडिओवरची बैठक, लेकरांचा अभ्यास, ही कामं लिनक्सवर नीट होतात. वर्ड आणि एक्सेलच्या फाइली लिबर ऑफिसमध्ये उघडतात.

इंटरनेट विंडोजकडे येत नाही, डब्याकडे येतं

“तुमच्या लिनक्सवर आमचं कनेक्शन चालत नाही,” असं एखादा जोडणीवाला सांगतो. हे ऐकून परत फिरू नका. इंटरनेट आधी घरातल्या डब्यात येतं आणि तिथून संगणकात जातं. कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड बहुतेक वेळा त्या डब्यातच भरलेलं असतं. पुढे विंडोज आहे, लिनक्स आहे की फोन आहे, याचं डब्याला काही देणंघेणं नसतं.

गावातल्या नळयोजनेसारखं समजा. टाकी, मोठी पाइपलाइन, घरचा नळ आणि आपली बादली. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार, म्हणजे फायबर आणायचं काम २०११ मध्ये मंजूर झालं. आपल्या नागपूर जिल्ह्यातलं सातनवरी गाव तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्मार्ट गाव म्हणून पुढे आणलं गेलं. पण ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं म्हणजे घरात इंटरनेट आलं असं नाही. शेवटचा तुकडा कंपनीला ओढावा लागतो. म्हणून इंटरनेट बंद पडलं की सगळ्यांना दोष देत बसू नये. कोणती कडी तुटली ते एका टोकापासून तपासत जावं.

पहिली कडी डब्याचे दिवे. पी-ओ-एन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल, तर काचेच्या तारेतून प्रकाश येतो आहे. एल-ओ-एस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर तार कुठे तरी तुटली, वाकली किंवा उंदराने कुरतडली आहे. हे काम कंपनीचं. तक्रार करा, क्रमांक लिहून घ्या आणि लिनक्सला हात लावू नका. निघालेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नका. आणि डब्याच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका, त्याने आत भरलेलं कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड पुसलं जातं.

दुसरी कडी डबा ते संगणक. दिवे ठीक असतील तर वायफाय सोडा आणि डब्यातून संगणकाला साधी लॅन केबल लावा. लिनक्समध्ये लॅन बहुधा आपोआप चालते. केबलवर इंटरनेट आलं म्हणजे दोष फक्त वायफायचा.

तिसरी कडी वायफाय. पुष्कळ जुन्या लॅपटॉपचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच असतं. डब्यावर ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं असेल तर ते त्याला दिसतच नाही. दुसऱ्या नावाला जोडा. जाड भिंतीच्या घरात २.४ चं वायफाय लांबही जातं. कोणतंच नाव दिसत नसेल तर ड्रायव्हर नाही असं समजा. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि लिनक्स यांच्यामधला दुभाषा. पुष्कळसे ड्रायव्हर लिनक्सच्या आतच असतात, पण ब्रॉडकॉम कंपनीच्या काही वायफायला वेगळा घ्यावा लागतो. लिनक्स मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडलं की तो सुचवला जातो.

पण ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा! इथेच पुष्कळजणी हार मानतात. युक्ती सोपी आहे. मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा, मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. मोबाइलचं इंटरनेट केबलने संगणकात येतं. केबल मात्र डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलने हे होत नाही.

चौथी कडी पत्ता. वायफाय जोडलं आहे असं दिसतं, पण वेबसाइट उघडत नाही. मग ‘टर्मिनल’ नावाची काळी खिडकी उघडा. त्यात इंग्रजीत ‘पिंग’ लिहा, एक जागा सोडा, मग ८.८.८.८ लिहून एंटर दाबा. ओळीमागून ओळ उत्तर येत राहिलं तर इंटरनेट पोहोचतं आहे. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. इंटरनेट पोहोचूनही वेबसाइट उघडत नसेल, तर नावावरून पत्ता शोधण्यात अडचण आहे. डबा बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा सुरू करा.

पाचवी कडी तारीख. जुन्या संगणकातला बटणाएवढा सेल संपला की तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षावर जाते. मग प्रत्येक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं सांगते आणि आपल्याला वाटतं इंटरनेट गेलं. तारीख-वेळ नीट करा. रोज हेच होत असेल तर सेल बदला. सीआर २०३२ नावाचा हा सेल स्वस्तात मिळतो.

छपाई आणि मराठी

प्रिंटर नवा घ्यायचा असेल तर मॉडेल लिहून आणा आणि लिनक्सवर चालतो का ते पाहूनच पैसे द्या. एचपीचे बरेच प्रिंटर चालतात. जुन्या एचपी लेझरजेट १०२० ला मात्र कंपनीचा एक जादा प्लगइन लागतो. कॅननचा एलबीपी २९०० आपल्याकडे फार दिसतो, त्याला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो आणि माहीतगार माणूस लागतो.

मराठीसाठी सेटिंगमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी जोडा, इनस्क्रिप्ट मिळतो. युनिकोडमध्ये लिहिलेलं सगळं नीट दिसतं. पण जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या फाइली इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारख्या दिसतात, कारण त्या युनिकोडच्या नाहीत. अशा नोंदी विंडोज काढून टाकण्याआधी युनिकोडमध्ये करून घ्या. गटाचं जुनं इतिवृत्त असंच जाऊ देऊ नका.

आपला उन्हाळा

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. धूळ बसलेला पंखा गरम हवा बाहेर टाकू शकत नाही आणि संगणक आपोआप बंद होतो. लोक म्हणतात लिनक्स बिघडलं. खरं तर पंखा साफ करायचा असतो. एप्रिलच्या आधी ते काम करून घ्या. कूलरच्या समोर संगणक ठेवू नका, ओलसर हवा त्याला सोसत नाही. मृगाच्या सुमारास विजा कडकडू लागल्या की संगणक आणि डबा दोन्हींचे प्लग काढा. काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण डब्याच्या अडॅप्टरमधून येते. वीज गेल्यावर फक्त डबा चालवायला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. लॅपटॉपची बॅटरी ठीक असेल तर तेवढ्यावर बैठकीचं काम निघतं. घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट वाचून घ्या.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एवढं करा. गटातल्या प्रत्येक जुन्या संगणकाचं मॉडेल, रॅम आणि त्यावर होणारी कामं एका वहीत लिहा. एकच पेन ड्राइव्ह तयार करा आणि तो घरोघरी फिरवा. दोघीजणींनी डब्याचे दिवे वाचायला आणि पिंग करायला शिकावं, मग त्या बाकीच्यांना शिकवतील. पुढच्या वेळी दुरुस्तीवाला आला आणि “सगळंच बदलावं लागेल” म्हणाला, तर विचारा, “भाऊ, नेमकी कोणती कडी तुटली?” त्याला सांगता आलं तरच गटाच्या पेटीचं कुलूप उघडा.