हेन्रिएटाची गाठ

अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय भगिनीची हकिकत आम्ही आज घरच्या पानावर मुद्दाम देत आहोत. हेन्रिएटा लॅक्स तिचे नाव. तंबाखूच्या शेतात राबून वाढलेली, पाच लेकरांची आई. पोटात गाठ लागते, असे ती घरच्या बायांना सांगत असे. १९५१ च्या आरंभी अवेळी रक्त जाऊ लागले, तेव्हा ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. तेथे काळ्यांचा वॉर्ड वेगळा. (हे वेगळेपण आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.) गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. रेडियम लावले, तरी रोग पोटभर पसरला. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी ती गेली.

तिला न विचारता काढलेल्या तुकड्यातील पेशी मात्र जगल्या. 'हेला' नावाने त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढल्या, पोलिओच्या लशीच्या कामी आल्या. घरच्यांना वीस वर्षे पत्ता नव्हता, आणि २०१० पर्यंत तिच्या कबरीवर साधा दगडही नव्हता.

१९७१ साली डॉक्टरांनी लिहिले की तिचे पहिले निदान चुकले होते. नेहमीचा, मुखाच्या वरच्या आवरणाचा कॅन्सर तो नव्हता. तो ग्रंथींच्या पेशींचा, म्हणजे ॲडेनोकार्सिनोमा होता. उपचार तेव्हा दोन्हींना एकच होते, हेही खरे.

हा प्रकार बहुधा मुखाच्या आतल्या नळीत सुरू होतो. म्हणून वरून पाहून तो दिसत नाही, पॅप तपासणीतही निसटतो. लवकर सापडला तर ऑपरेशनने चांगला बरा होतो. पसरला, की नेहमीच्या प्रकारापेक्षा किरणांना कमी दाद देतो. अंडाशयातही अधिक वेळा शिरतो.

हेन्रिएटाच्याच पेशींत १९८४ साली एचपीव्ही १८ हा विषाणू सापडला. ग्रंथींच्या कॅन्सरमागे तो बऱ्याचदा असतो. मुलींना देतात ती लस १६ व १८ या दोन्ही विषाणूंना अडवते. एक विरळा प्रकार विषाणूवाचून होतो. त्याला लस अडवत नाही, आणि तो फार घातक.

आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांवर अभ्यास झाला. ज्या गटाला विषाणूची तपासणी एकदाच मिळाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

पाळी गेल्यावर रक्त दिसले, संबंधानंतर दिसले, किंवा पाण्यासारखे अंगावरून जात राहिले, तर आमच्या आयाबहिणी ते अंगावर काढतात. तसे करू नये. तुकडा तपासला असेल तर कोणत्या पेशींचा, हे डॉक्टरांना विचारावे आणि तो कागद डब्यात जपून ठेवावा.