शनिवार मिळतो, संध्याकाळ किती जाते?

घरात लहान मुले असली की 'आठवड्याला एक सुट्टी जास्त' एवढे ऐकूनच मन हो म्हणते. पण बहुतेक ठिकाणी ही सुट्टी काम कमी करून मिळत नाही. तेवढेच तास कमी दिवसांत बसवले जातात आणि उरलेला प्रत्येक दिवस लांबतो. म्हणून होकार देण्याआधी आपण अर्धा तास काढून कागदावर हिशेब मांडावा. तो कसा मांडायचा, ते क्रमाने पाहू.

सुरुवात राज्य सरकारच्या निर्णयापासून करू, कारण त्याचे आकडे हाताशी आहेत. 12 फेब्रुवारी 2020 रोजी मंत्रिमंडळाने पाच दिवसांचा आठवडा मंजूर केला आणि 29 फेब्रुवारीच्या शनिवारपासून तो लागू झाला. त्याआधी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असे. मुंबईबाहेरच्या कचेऱ्यांची वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 5.45 होती, ती 9.45 ते 6.15 झाली. जेवणाचा अर्धा तास वगळला तर 7 तास 15 मिनिटांचा दिवस 8 तासांचा झाला.

आता बेरीज. पूर्वी महिन्याला सरासरी 24 दिवस धरले तर 174 तास भरत. आता 22 दिवसांचे 176 तास भरतात. वर्षाचे 2088 तास होते, ते 2112 झाले. म्हणजे महिन्याला दोन शनिवार, साडेचौदा तास, हातात आले आणि रोजच्या पाऊण तासाने साडेसोळा तास गेले. निव्वळ कामाच्या तासांत पाहिले तर आपण दोन तास तोट्यात आहोत.

मग फायदा होतो कुठे? जाण्यायेण्यात. नगर शहरातच घर आणि कचेरी असेल, जायला पंधरा मिनिटे आणि यायला पंधरा मिनिटे लागत असतील, तर महिन्याला दोन फेऱ्या वाचून फार तर एक तास मिळतो. पण नगरहून श्रीरामपूरला दीड तास जायचे आणि दीड तास यायचे असेल, तर दोन शनिवारांचे सहा तास वाचतात. त्यातून ते दोन तास वजा केले तरी चार तास आपले. म्हणून पहिला आकडा लिहायचा तो घरापासून कामापर्यंतच्या वेळेचा, एसटीची वाट पाहण्यासकट.

दुसरी पायरी म्हणजे आपल्याला कोणता नियम लागू आहे ते पाहणे. सरकारी निर्णयातून पोलीस, अग्निशमन दल, सफाई कामगार, शासकीय महाविद्यालये, शाळा अशा सेवा वगळल्या होत्या. नागापूर किंवा सुपा एमआयडीसीतल्या कारखान्याचे गणित तर वेगळेच. तिथे आठवड्याची मर्यादा 48 तास. सहा दिवस असतील तर रोज 8 तास, पाच असतील तर 9 तास 36 मिनिटे, चार असतील तर थेट 12 तास. 3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास आणि वीस किंवा अधिक कामगारांच्या दुकाने-आस्थापनांसाठी 9 वरून 10 तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा 48 तासांचीच राहिली आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक ठरली. आपल्या कारखान्याला नेमके काय लागू आहे, ते व्यवस्थापनाकडून लेखी मागावे. शंका राहिली तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारता येते. तोंडी 'होईल हो' वर विसंबू नये.

तिसरी पायरी संध्याकाळची, आणि खरी अडचण इथेच येते. सुट्टीचा दिवस डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे रोजचा पाऊण तास किरकोळ वाटतो. पण तो दिवसाच्या कोणत्या भागातून जातो ते पाहा. सकाळची पंधरा मिनिटे डबे आणि वेणीफणीच्या घाईतून जातात, संध्याकाळचा अर्धा तास मुलाच्या वाट्यातून. डिसेंबरात नगरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पावणेसहाला निघणारी आई उजेडात बाहेर पडते, सव्वासहाला निघणारी अंधारात. गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे, पाळणाघर किती वाजता बंद होते, आजी-आजोबांना आणखी अर्धा तास झेपेल का, ही तीन उत्तरे त्या त्या ठिकाणी विचारून मिळवा. आजीला तर जरूर विचारा. ती स्वतःहून नाही म्हणत नाही.

बारा तासांच्या पाळीत हे सगळे दुप्पट-तिप्पट ताणले जाते. केडगावहून सुप्याला जाणारा कामगार सकाळी सातच्या पाळीसाठी सहा-सव्वासहाला घर सोडतो आणि रात्री आठला परततो. 2024 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा राज्याचा आदेश आहे. म्हणजे मूल उठायच्या आधी तो गेलेला असतो, आणि तो येऊन हातपाय धुईपर्यंत मूल पेंगायला लागते. घरातला दुसरा पालकही नोकरी करत असेल, तर सकाळी मुलाला शाळेसाठी तयार कोण करणार हे नावासकट ठरले पाहिजे. तीन वर्षांखालचे मूल असलेल्या घराने बारा तासांचा पर्याय टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढ्या लहान मुलाला आईबाप रोज थोडा वेळ लागतात. चार दिवसांची भरपाई पाचव्या दिवशी एकदम होत नाही.

चौथी पायरी: सुट्टी कोणत्या वारी? शनिवार सगळ्यांना हवा असतो, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. अनेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात, त्यामुळे मूल दुपारपर्यंत शाळेतच असते. शिवाय तहसील, पंचायत समिती, जिल्हा परिषद त्या दिवशी बंद आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकाही बंद. दाखला, सातबारा, कर्जाचे हप्ते यांसाठी शनिवारचा फारसा उपयोग नाही.

याउलट सुट्टी गुरुवारी किंवा बुधवारी मिळाली तर आपण हिरमुसतो, कारण मूल शाळेत असते. मला मात्र अशी मधल्या वारची सुट्टी वाईट वाटत नाही. दवाखाना, बँक, शाळेतली भेट, दळण, कपडे हे सगळे त्या दिवशी उरकले तर रविवार पूर्ण मोकळा राहतो. अट एकच, ही कामे खरोखर त्या दिवशी व्हायला हवीत.

इथेही एक चूक नेहमी होते. सुट्टी आईची असेल तर धुणी, साफसफाई, पाहुणे, सासूबाईंच्या तपासण्या हे सगळे तिच्यावर येऊन पडते आणि संध्याकाळी ती कचेरीतून आल्यापेक्षा जास्त थकलेली असते. वडिलांची असेल तर शेतातली फेरी नाहीतर मित्राचे काम निघते. म्हणून त्या दिवसातले दोन तास मुलाचे आणि एक तास स्वतःच्या झोपेचा, हे आधी ठरवून मगच बाकीची कामे भरावीत.

पाचवी पायरी पैशांची. सध्या आपण सहाव्या दिवशी जादा काम, म्हणजे ओव्हरटाइम, करत असाल तर त्याला दुप्पट दर मिळतो. तेच तास नेहमीच्या पाळीत गेले तर साधा दर लागतो. गेल्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या काढून ओव्हरटाइमची रक्कम वेगळी लिहा. मुलाच्या शाळेची फी त्यातूनच जात असेल, तर ते आजच कळलेले बरे.

रजेचे गणित तर जवळजवळ कोणी तपासत नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात भरपगारी रजेसाठी वर्षात 240 दिवस काम भरावे लागे. चार दिवसांच्या आठवड्यात वर्षाचे दिवसच 208 होतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही अट 180 दिवसांवर आली, त्यामुळे हक्क शाबूत राहतो. पण वीस दिवसांमागे एक रजा या हिशेबाने सहा दिवसांच्या आठवड्यात सुमारे पंधरा रजा मिळतात, तर चार दिवसांच्या आठवड्यात दहाच. तास मोजले तर दोन्ही सारखे. पण मुलाला ताप आला की दिवस मोजावे लागतात. बिनपगारी दांडी पडली तर आठवड्याच्या पगाराचा चौथा हिस्सा कापला जातो. राज्य सरकारच्या सेवेतल्या महिलांना 2018 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. ती परीक्षा आणि आजारपणासाठी राखून ठेवावी.

हे सगळे पाहून मन होकाराकडे झुकले, तरी कायमचे मान्य करू नका. बेल्जियममध्ये 2022 पासून कामगाराला तेवढेच तास चार दिवसांत करण्याची मागणी लेखी करता येते आणि ती परवानगी जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते. पुढे चालू ठेवायची तर पुन्हा मागावी लागते. आपणही तीन महिने मागावेत आणि त्यात पावसाळ्याचा किंवा सहामाही परीक्षेचा एक महिना येईल असे पाहावे. मे महिन्याच्या सुट्टीत केलेली चाचणी फसवी ठरते, कारण तेव्हा शाळा, शिकवणी, रिक्षा यांतले काहीच नसते.

त्या काळात रोज रात्री वहीत दोनच नोंदी ठेवा: घरी किती वाजता पोचलो, आणि मूल जागे असताना त्याच्याबरोबर किती वेळ मिळाला. अर्जात सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, सुट्टीचा वार, जेवणाची व विश्रांतीची वेळ, ओव्हरटाइमचा दर लिहा. जुन्या वेळेवर परतायचे असल्यास किती दिवस आधी कळवायचे, तेही त्यातच नमूद करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती पगारचिठ्ठ्यांच्या फायलीत लावा.