गोणीतून निसटलेला दाणा

प्लास्टिकच्या व्यापारात ज्याला नुसते 'दाणा' म्हणतात, तो मसुरीएवढा, दोन ते पाच मिलिमीटर आकाराचा असतो. बादली, पिशवी, नळ, खुर्ची, औषधाची बाटली या सर्वांचा जन्म याच दाण्यापासून होतो. खनिज तेल व वायूपासून तयार झालेला हा कच्चा माल बहुधा 25 किलोच्या गोण्यांत भरून देशोदेशी जातो. एका दाण्याचे वजन साधारण 25 मिलिग्रॅम धरले, तर एका गोणीत सुमारे 10 लाख दाणे मावतात. त्यांतले मूठभर सांडले, तर ते 'घट' म्हणून सोडून दिले जातात. किमतीच्या दृष्टीने ही घट नगण्यच असते. पण दाणा वहीतून पुसला गेला म्हणून जगातून नाहीसा होत नाही. तो कोठे जातो आणि काय करतो, हे पाहण्यासारखे आहे.

त्याचा सर्वांत मोठा दाखला श्रीलंकेच्या किनाऱ्यावर मिळाला. 'एक्स-प्रेस पर्ल' हे सिंगापूरमध्ये नोंदलेले नवे मालवाहू जहाज मे 2021 मध्ये गुजरातेतील हजिरा बंदरातून कोलंबोकडे निघाले. जहाजावर 1,486 कंटेनर होते आणि त्यांत 25 टन नायट्रिक आम्लही होते. आम्लाचा एक कंटेनर गळत असल्याचे प्रवासातच लक्षात आले होते. तो उतरवून घ्यावा, अशी विनंती कतारमधील हमाद बंदरात व नंतर हजिरा येथे करण्यात आली. दोन्ही ठिकाणी ती मान्य झाली नाही. 20 मे रोजी कोलंबोबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या या जहाजावर आग लागली. खलाशी वाचले, परंतु आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि 2 जून रोजी, जहाज खोल समुद्रात ओढून नेण्याचा प्रयत्न चालू असतानाच, त्याची मागची बाजू तळाला टेकली.

या जहाजातून सुमारे 1,680 टन प्लास्टिकचा दाणा समुद्रात गेला. 25 किलोच्या गोण्यांत मोजल्यास ही संख्या 67 हजारांच्या वर जाते. दाण्यांची एवढी मोठी गळती पूर्वी कधीच नोंदली गेली नव्हती. नेगोंबो आणि आसपासच्या किनाऱ्यांवर पांढऱ्या दाण्यांचे थर साचले. सैनिक व स्वयंसेवक हातांनी दाणे भरून पोत्यांत टाकत होते, वाळू चाळण्यांतून काढत होते. आज स्वच्छ केलेला किनारा दुसऱ्या दिवशीच्या भरतीने पुन्हा तसाच होई. मासेमारीवर बंदी आली आणि रोजच्या जाळ्यावर घर चालवणारी हजारो कुटुंबे रिकाम्या हाताने बसली. पुढील काही महिन्यांत चारशेहून अधिक कासवे, तसेच डॉल्फिन व देवमासे मृतावस्थेत किनाऱ्यास लागल्याची नोंद झाली.

दाण्याचा दोष त्याच्या गुणातच आहे. तो टिकाऊ असतो, म्हणून तो कुजत नाही. ऊन आणि लाटा यांनी झिजून अधिकाधिक बारीक होतो, इतकेच. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यांचे दाणे तरंगत दूरवर जातात. मासे व समुद्रपक्षी त्यांना माशांची अंडी समजून गिळतात. पोट भरते, पण पोषण मिळत नाही. शिवाय पाण्यात विखुरलेली कीटकनाशके व औद्योगिक विषे दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटत जातात. जपानी संशोधकांनी 2001 साली दाखवून दिले की, अशा दाण्यांवर काही विषारी द्रव्यांचे प्रमाण सभोवतालच्या पाण्याच्या तुलनेत 10 लाख पटींपर्यंत वाढू शकते. मूळचा निरुपद्रवी दाणा अशा रीतीने विषाचा वाहक बनतो.

मासे न खाणाऱ्या घराचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. परंतु मीठ प्रत्येक स्वयंपाकघरात लागते. 2018 साली आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी भारतीय बाजारातील मिठाचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत प्लास्टिकचे 626 सूक्ष्म कण व तंतू आढळले. ते सारे दाण्यांपासूनच आले असे नाही; समुद्रात गेलेले प्लास्टिक फिरून ताटापर्यंत येते, एवढे मात्र त्यावरून सिद्ध होते. वाळूच्या साध्या गाळणीने यांतील बराच भाग अडवता येतो, हेही त्याच संशोधकांनी दाखवले.

श्रीलंकेतील दुर्घटनेला चार वर्षे होत असतानाच भारताच्या किनाऱ्यावर तिची आवृत्ती निघाली. 25 मे 2025 रोजी 'एमएससी एल्सा-3' हे जहाज कोचीजवळच्या समुद्रात बुडाले. त्यावर 640 कंटेनर होते. थोड्याच दिवसांत तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर दाण्यांनी भरलेल्या गोण्या आणि फुटलेल्या गोण्यांतले मोकळे दाणे येऊन पडले. केरळ सरकारला ही घटना राज्य आपत्ती म्हणून जाहीर करावी लागली.

तथापि, बुडालेले जहाज वर्तमानपत्रात दिसते. रोजची गळती कोणाच्या नजरेस पडत नाही. गाडीत माल भरताना गोणी खिळ्याला अडकते, आकड्याने तिला भोक पडते, शिवण उसवते. सांडलेले दाणे झाडून दारातल्या गटाराकडे लोटले जातात. पहिल्या मोठ्या पावसात ते नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून खाडीत पोहोचतात. गोदामांसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवंडीतील कामवारी नदी वसईच्या खाडीला मिळते आणि खाडी अरबी समुद्राला. गोदामाचा उंबरठा आणि समुद्र यांत अंतर आहे ते एवढेच.

या गळतीची किंमत आता मागितली जाऊ लागली आहे. जुलै 2025 मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'एक्स-प्रेस पर्ल'च्या प्रकरणात 1 अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2024 साली शिफारस केली की, दाणा मजबूत वेष्टनात भरावा, कागदपत्रांत त्याची स्पष्ट नोंद असावी आणि त्याचे कंटेनर शक्यतो डेकच्या खाली ठेवावेत. युरोपीय संघाने 2025 मध्ये दाण्यांची गळती रोखण्यासाठी कायदाच केला. वर्षाला 5 टनांपेक्षा अधिक दाणा हाताळणाऱ्यांना तो लागू होतो. म्हणजे युरोपातील लहान व्यापारीही त्याच्या कक्षेत येतो.

गोदामात करावयाची व्यवस्था खर्चिक नाही. गोण्यांना आकडा न लावण्याची सक्त सूचना द्यावी. माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी खाली ताडपत्री अंथरावी. गटाराच्या तोंडावर दाण्याहून बारीक छिद्रांची जाळी बसवावी आणि पावसाळ्यापूर्वी ती साफ करावी. सांडलेला दाणा पाण्याने धुऊन न काढता कोरडाच झाडून भरावा. मळलेला दाणाही पुनर्वापर करणारे कारखाने विकत घेतात. तेव्हा त्यातून चार पैसे परतही येतात. हमालाला आणि मुकादमाला यामागचे कारण एकदा समजावून सांगितले, तर काम अधिक मनापासून होते.

'एक्स-प्रेस पर्ल'वरील गळका कंटेनर वेळीच उतरवून घेतला गेला असता, तर त्याचा खर्च एका बंदरापुरता राहिला असता. तो टळला आणि पुढे कासवांच्या, कोळ्यांच्या व एका संपूर्ण किनाऱ्याच्या माथी बसला. गोदामाच्या दारात सांडलेल्या मूठभर दाण्यांचेही तसेच आहे. ते उचलण्याचा खर्च आज एका झाडूचा आहे. खाडीत पोहोचल्यावर ते कोणालाच वेचता येत नाहीत.