ट्रायॲथलॉन : नवशिक्यांच्या सरावातील काही दोष

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये विश्रांती न घेता एकापाठोपाठ एक पार पाडावयाचे, अशा शर्यतीस ट्रायॲथलॉन म्हणतात. या नावाची पहिली शर्यत अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९७४ साली भरली. हवाई बेटांत १९७८ साली झालेल्या अतिदीर्घ शर्यतीस अवघे १५ जण उभे राहिले होते व त्यांपैकी १२ जणांनी ती पुरी केली. सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळास प्रथमच स्थान मिळाले. तेथील अंतरे, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल व १० किलोमीटर धावणे, आता प्रमाण मानली जातात. गोव्यात २०१९ साली याहून लांब, म्हणजे १.९, ९० व २१.१ किलोमीटर अंतरांची शर्यत सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातील नोकरदार व मध्यमवयीन मंडळींतही या खेळाची हौस वाढलेली दिसते. हौसेबरोबर दुखापतीही आल्या. त्यांचे मूळ बहुधा आळसात नसून चुकीच्या दिशेने केलेल्या परिश्रमांत असते, म्हणून त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

नवशिका तीन खेळांची तीन स्वतंत्र वेळापत्रके आखतो आणि ती एकाच आठवड्यात बसवितो. हृदय व फुप्फुसे तिन्ही खेळांना समाईक आहेत, त्यामुळे एका खेळात कमाविलेला दमसास दुसऱ्यात उपयोगी पडतो, हे खरेच आहे. परंतु अस्थी, कंडरा व सांधे यांचे तसे नाही. ज्या प्रकारचा भार त्यांवर पडतो तेवढ्याच भारास ती तयार होतात. दमसास उसना मिळतो, हाडांची बळकटी मिळत नाही, हा भेद ध्यानात न आल्यामुळे पुष्कळ दोष उद्भवतात.

धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट प्रतिबल पायावर येते. मिनिटास १६० पावले धरली तर अर्ध्या तासात प्रत्येक पायास असे सुमारे २,४०० आघात सोसावे लागतात. पोहताना वा सायकलीवर असा आघात मुळीच नसतो. दीर्घकाळ केवळ सायकलीच्या शर्यतीत भाग घेणाऱ्यांच्या कण्यातील अस्थींची घनता कमी आढळते, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. आता सरावाने शरीरात घडणाऱ्या बदलांचा वेग पाहावा. रक्तातील द्रवाचे प्रमाण एकदोन आठवड्यांत वाढते. स्नायूंतील ऊर्जानिर्मितीची क्षमता काही आठवड्यांत लक्षणीय सुधारते. अस्थींत मात्र जुना भाग झिजवून काढण्यास सुमारे तीन आठवडे आणि त्या जागी नवा भाग भरण्यास सुमारे तीन महिने लागतात, म्हणजे मधल्या काळात ती जागा तात्पुरती दुबळीच असते. नेमक्या याच काळात दम वाढल्याचा प्रत्यय येऊन नवशिका धावण्याचे अंतर वाढवितो. नडगीच्या आतल्या कडेस दुखू लागते, ते ‘स्नायूंचे दुखणे’ समजून अंगावर काढले जाते आणि काही प्रसंगी त्याचे पर्यवसान अस्थीस सूक्ष्म भेग पडण्यात होते. दुखणे बोटाने दाखविता येईल इतक्या लहान जागी असेल तर ते सामान्य समजू नये.

आठवड्याचे अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे ५३२ नवशिक्या धावकांवर या नियमाची कसोटी घेण्यात आली व २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नियम पाळणाऱ्यांत व न पाळणाऱ्यांत दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच, सुमारे एक पंचमांश, निघाले. यावरून वाढ कशीही करावी असे ठरत नाही. एका आकड्याच्या आधाराने निर्धास्त होणे चुकीचे, एवढेच ठरते.

श्रमाच्या तीव्रतेविषयीचा गैरसमज याहून सार्वत्रिक आहे. कामावर जाण्यापूर्वी मिळणारा एक तास वाया जाऊ नये म्हणून नवशिका रोजच बऱ्यापैकी जोराने धावतो. हा सराव धड हलका नसतो आणि धड कडकही नसतो. मुरलेल्या स्पर्धकांच्या सरावाचा अभ्यास करताना स्टीफन सायलर या संशोधकास असे आढळले की, त्यांचा सुमारे चार पंचमांश सराव हलक्या तीव्रतेचा असतो. स्पेनमध्ये १२ धावकांवर पाच महिने केलेला व २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याच दिशेचा आहे. त्यात हलक्या सरावाचा वाटा ८० टक्के ठेवणाऱ्या गटाची प्रगती तो ६७ टक्के ठेवणाऱ्या गटापेक्षा अधिक झाली. संख्या लहान आहे हे खरे, परंतु यामागील कारण समजण्यासारखे आहे. रोजच्या मध्यम श्रमाने थकवा साठत जातो आणि ज्या दिवशी खरोखर जोर लावावयाचा त्या दिवशी तो लावता येत नाही. ट्रायॲथलॉनमध्ये तर सोमवारच्या सायकलीचा थकवा मंगळवारच्या पोहण्यात उतरतो. हलके म्हणजे किती, हे ठरविण्यास २२० मधून वय वजा करण्याच्या सूत्रावर विसंबू नये. व्यक्तिपरत्वे त्यात दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. सलग वाक्ये बोलता येतील इतपत वेग, ही जुनी कसोटी मनगटावरील घड्याळापेक्षा बहुधा अधिक भरवशाची ठरते.

पोहण्यात दोष निराळा असतो. विहिरीत किंवा नदीत, पाठीस भोपळ्याची सांगड बांधून शिकलेल्या पोहण्याची आपली परंपरा जुनी व मोलाची आहे, पण तिचा हेतू तरंगून पैलतीर गाठणे हा होय. डोके वर धरून पोहले की कंबर व पाय खाली जातात आणि पाण्याचा विरोध वाढतो. वेग दहा टक्क्यांनी वाढविण्यास सुमारे एक तृतीयांश अधिक शक्ती लागत असल्यामुळे केवळ जोर लावून येथे फारसे साधत नाही. शरीर आडवे व सरळ राखणे आणि श्वास पाण्यात सोडणे, या गोष्टी जाणकारासमोर शिकण्यात घालविलेला महिना हा दमसासासाठी घालविलेल्या महिन्याहून फलदायी असतो.

तलावाच्या भिंतीत केलेला सराव मोकळ्या पाण्यास पुरेसा समजणे, ही चूक मात्र प्राणावर बेतू शकते. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील शर्यतींच्या पाहणीत मृत्यूच्या व हृदय अकस्मात बंद पडण्याच्या १३५ घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ९० पोहताना घडल्या. सहभागी झालेल्यांच्या मानाने हे प्रमाण अल्प, म्हणजे लाखामागे दोनाहून कमी, आहे. तथापि ज्या ६१ मृतांच्या शवविच्छेदनाची माहिती मिळाली त्यांपैकी २७ जणांत हृदयाचा वा रक्तवाहिन्यांचा दोष आढळला. बळी पडलेल्यांचे सरासरी वय ४७ च्या आसपास होते. म्हणून चाळिशी उलटलेल्याने सराव आरंभण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घेणे हा उपचार नव्हे. गढूळ पाणी, लाटा, शेजाऱ्याचे हातपाय आणि पाय टेकण्यास तळ नसणे, यांची सवयही सोबत नाव व जीवरक्षक असताना आधीच करावी लागते.

सायकलीवरून उतरताच धावू लागल्यास पाय लाकडासारखे वाटतात, हा अनुभव पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशीच येऊ नये. आठवड्यातून एकदा सायकलीनंतर दहापंधरा मिनिटे धावले तरी हा संक्रमणाचा काळ पुष्कळ सुसह्य होतो.

आहाराचेही तसेच आहे. ग्लुकोजसारखी एकाच प्रकारची शर्करा तासाला सुमारे ६० ग्रॅमपर्यंतच उपयोगात आणता येते आणि तेवढी पचविण्याचा सराव आतड्यांसही द्यावा लागतो. नवे पेय शर्यतीत प्रथमच पिणाऱ्यास उलट्या होतात, त्यात नवल नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत तयारी केलेल्याचा घाम गोव्याच्या दमट हवेत सुकत नाही व शरीर तापते. अशा हवेस सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. पण उन्हाच्या धास्तीने पोटात पाणी ओतत राहणेही घातक आहे. बॉस्टन येथील २००२ सालच्या मॅरेथॉननंतर ४८८ धावकांचे रक्त तपासले तेव्हा १३ टक्के जणांत सोडियम धोक्याच्या मर्यादेखाली उतरलेले आढळले आणि त्याचा निकट संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी, म्हणजे अतिरिक्त द्रव पिण्याशी, दिसून आला. दीर्घ सरावाच्या आधी व नंतर साध्या काट्यावर वजन करून पाहिल्यास हा अंदाज घरच्या घरी बांधता येतो : एक किलो घट म्हणजे जवळपास एक लिटर द्रवाची तूट, आणि वजन वाढलेले असल्यास पाणी गरजेहून अधिक झाले असे समजावे.