वईच्या आश्रयाने

डॉर्सेट (इंग्लंड), सप्टेंबर :

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात उन्हाळा सरत आला की गव्हाची शेते कापणीने मोकळी होतात आणि रानातील सारी लगबग शेतांच्या कडेच्या ‘हेजरो’मध्ये, म्हणजे कोकणातील वईसारख्या झुडपांच्या जिवंत कुंपणात, एकवटते. ही शेते खासगी असली तरी त्यांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर चालण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिलेला असल्यामुळे वईतील हे जीवन वाटसरूला अगदी हाताच्या अंतरावरून पाहता येते.

या दिवसांत ब्लॅकबेरीच्या एकाच घोसात हिरवी, लाल आणि काळी फळे एकत्र दिसतात. त्यांतील टोकाचे फळ सर्वांआधी पिकते आणि तेच सर्वांत गोड असते. शेजारी रानगुलाबाची लालभडक फळे लागलेली असतात. दुसऱ्या महायुद्धात संत्र्यांची आयात घटली, तेव्हा ‘क’ जीवनसत्त्वासाठी हीच फळे गोळा करून मुलांसाठी सरबत तयार केले जात असे. फुलांचा बहर ओसरत असताना आयव्ही ही सदाहरित वेल मात्र फुलू लागते, आणि तिच्या हिरवट-पिवळ्या गेंदांवर पट्टेदार आयव्ही-माशी परागासाठी घिरट्या घालते. जमिनीत एकट्याने घर करणाऱ्या या मधमाशीची ब्रिटनमधील पहिली नोंद 2001 मध्ये याच डॉर्सेटमध्ये झाली.

ओढ्याकाठी फुलणारी गुलाबी ‘हिमालयन बाल्सम’ ही महाराष्ट्रात गौरीच्या सणाला लागणाऱ्या तेरड्याची सख्खी बहीण होय. 1839 मध्ये बागेसाठी आणलेल्या या वनस्पतीची पक्व शेंग स्पर्श होताच तडकते आणि बिया सात मीटरपर्यंत उडवते. शिवाय हिवाळ्यात ती मरून काठ उघडे पडत असल्यामुळे मातीची धूप होते, म्हणून स्वयंसेवक ती बी धरण्यापूर्वीच उपटून काढतात.

पक्ष्यांच्या विणीसाठी इंग्लंडमध्ये शेतजमिनीवरील वई 1 मार्च ते 31 ऑगस्ट या काळात छाटण्यास सामान्यतः मनाई आहे. सप्टेंबरात ती मुदत संपते, तेव्हा फांद्या फळांनी लगडलेल्या असतात आणि स्कँडिनेव्हियातून येणारे रेडविंग व फील्डफेअर हे कस्तूरवर्गीय पक्षी अजून वाटेत असतात. त्यांचा हिवाळ्याचा शिधा वईवरच टिकावा यासाठी शेतकऱ्याने कायद्याच्या मुदतीपलीकडेही कोयता काही महिने आवरता घेणे, हेच या निसर्गाचे खरे संरक्षण ठरते.