भोपाळचं खग्रास ग्रहण आणि न अडणारे न्यूट्रिनो

22 जुलै 2009 च्या सकाळी सुरत, इंदूरमार्गे आलेली चंद्राची सावली भोपाळवर सुमारे तीन मिनिटं होती. ऐन सकाळी अंधार झाला. पण सूर्याकडून येणारं सगळंच तेव्हा थांबलं होतं का?

गैरसमज : चंद्र प्रकाशाबरोबर सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कणही अडवतो.
वस्तुस्थिती : न्यूट्रिनो पदार्थाशी क्वचितच क्रिया करतात. अख्खी पृथ्वीही ते सहज पार करतात. तिथे 3,474 किलोमीटर व्यासाचा चंद्र त्यांना काय अडवणार!

गैरसमज : ग्रहणात हे कण वाढतात आणि अपाय करतात.
वस्तुस्थिती : दर सेकंदाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे 6,500 कोटी सौर न्यूट्रिनो आरपार जातात, रात्रीसुद्धा. ग्रहण पाहताना डोळ्यांना धोका असतो तो सूर्याच्या प्रकाशाचा.

गैरसमज : मग न्यूट्रिनोंच्या अभ्यासात ग्रहणाचं काहीच काम नाही.
वस्तुस्थिती : सूर्याच्या गाभ्यात हे कण इलेक्ट्रॉन प्रकारचे म्हणून जन्मतात आणि वाटेत त्यातले बरेच म्यूऑन व टाऊ प्रकारांत बदलतात. दाट पदार्थातून जाताना हे प्रमाण पुन्हा थोडं बदलतं. चंद्र आड आल्यावर न्यूट्रिनो टिपणाऱ्या शोधकातल्या नोंदी किती वाढतील, याचं गणित चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतले जी. राजशेखरन आणि त्यांचे सहकारी यांनी 1999 मध्ये मांडलं.

गैरसमज : तसं असेल तर एका ग्रहणात हा परिणाम मोजता येईल.
वस्तुस्थिती : इथेच घोडं अडतं. जपानच्या सुपर-कामिओकांडे शोधकात 50,000 टन पाणी आहे, तरी सौर न्यूट्रिनोंच्या नोंदी दिवसाला सरासरी पंधराच्या आसपास, म्हणजे साधारण दीड तासाला एक. न्यूट्रिनो गाभ्यातून येत असल्याने त्यांचं ‘ग्रहण’ खग्रास स्थितीपेक्षा जास्त वेळ चालतं, हे खरं. तरी तेवढ्यात एखादी नोंद मिळाली तर मिळाली. काही टक्क्यांचा फरक दिसायला हजारो नोंदी लागतात.

गैरसमज : म्हणजे पदार्थातून जाताना न्यूट्रिनो बदलतात ही कल्पना तपासताच येत नाही.
वस्तुस्थिती : तपासता येते, पण त्यासाठी चंद्राऐवजी पृथ्वी जास्त उपयोगी पडते. रात्री सौर न्यूट्रिनो पृथ्वीतून येतात आणि रात्र रोजच होते. अनेक वर्षांच्या नोंदी जमवून सुपर-कामिओकांडेच्या गटाने 2014 मध्ये दाखवलं, की रात्रीच्या नोंदी दिवसापेक्षा सुमारे 3 टक्क्यांनी जास्त असतात. पदार्थातून जाताना न्यूट्रिनोंचा प्रकार बदलतो, याचा हा थेट संकेत होता.